गाडीची डावी बाजू

नावड्याला पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाने मला एकदा बाजूला घेतलं. आमच्या जुन्या मिनीबसचं त्यानेच घर करून दिलं होतं. सीटा काढून पलंग बसवला, छोटा ओटा केला, पाण्याची टाकी टपावर चढवली. माझे यजमान तेव्हा गाडीखाली आडवे होऊन सायलेन्सरचे नट तपासत होते.

"काकी, येक सांगू का?" तो हळू आवाजात म्हणाला. "उजवी बाजू बगा, नवीकोरी हाय. सगला मार डावीकरंच बसलाय. तीन वेला रंग मारला मी या बाजूला."

"आमच्या सोसायटीचं गेट अरुंद आहे," मी म्हणाले.

पुसणी घेऊन त्याने डावा आरसा पुसला. त्या आरशाची काच त्याच महिन्यात दुसऱ्यांदा बदलली होती.

गेट अरुंद आहे हे खरं तर यांचं वाक्य. मी ते तोंडपाठ करून ठेवलं होतं. आम्ही सानपाड्याला राहतो. त्याच गेटातून पाण्याचे टँकर रोज आत येतात, आणि त्यांना कधी खरचटत नाही, हे मी खिडकीतून पाहत होते.

यांची सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात, मेन्टेनन्स खात्यात झाली. मी बेलापूरला सरकारी कचेरीत लिपिक होते. रिटायर झाल्यावर लोक गावाकडे घर बांधतात, तसं सातारच्या बाजूला आमचंही होऊ शकलं असतं. पण यांना गाडीचं वेड आणि मला चारच दिवसांत कुठल्याही घराचा कंटाळा. म्हणून ही मिनीबस. मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघं वेडे आहात." मग तिनेच पडदे आणून दिले.

माझ्यासाठी यांनी त्यात एक फळी बसवून घेतली होती, ड्रायव्हरच्या सीटमागे, खिडकीला लागून. तिच्यावर माझी हातमशीन दोन बोल्टांनी आवळलेली. "ब्रेक मारला तर मशीन डोक्यात यायला नको," हे म्हणाले होते. गाडी थांबली की मी गोधड्या शिवायचे. ज्या गावी मुक्काम, तिथल्या शिंप्याकडे जाऊन कातरण मागायची. शाळेच्या गणवेशाचा निळा, लग्नाच्या ब्लाउजांचे जरीचे तुकडे, परकराचं पॉपलीन. शिंपी आधी संशयाने बघतात, मग पिशवी भरून देतात. तुकडे मशीनवर जोडायचे आणि वरून धावदोरा हाताने घालायचा. कचेरीत तीस वर्षं इतरांच्या फायली सांभाळल्या. हे काम मात्र फक्त माझं होतं.

पन्नाशीनंतर मला जवळचं दिसेनासं झालं. सुईत दोरा ओवायला मला दहा मिनिटं लागायची. हे ओवून द्यायचे. संध्याकाळी चहा झाला की दहा सुया ओवून एका फडक्याला टोचून ठेवायचे, ओळीने. एकदाही चुकले नाहीत. त्यामुळे यांच्या डोळ्यांबद्दल कोणी शंका काढली असती तर मी त्यालाच हसले असते.

गाडीची निगा ते कशी ठेवायचे ते सांगायला हवं. निघण्यापूर्वी ऑइल, कूलंट, ब्रेकचं ऑइल, चारही टायरची हवा. मुक्कामाला पोचलो की प्रत्येक चाकाच्या ब्रेकड्रमला हात लावून बघायचे, कुठला जास्त तापलाय का. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावायचे. या सगळ्याची एक वही होती. गाडीतला कुठलाही आवाज त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलला नाही.

नावड्याहून परत येताना मी मागे फळीपाशी बसले नाही. पुढे, डाव्या सीटवर बसले. कळंबोलीच्या पुलाखाली एक हातगाडीवाला आमच्या डावीकडून चालला होता. गाडी त्याच्याकडे सरकत होती. मी "अहो" म्हणेपर्यंत तो स्वतःच बाजूला झाला.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काही नाही."

मी "काही नाही" का म्हणाले, याचा मी नंतर खूप विचार केला आहे. उत्तर मला आवडत नाही. पुढच्या महिन्यात कोकणात जायचं ठरलं होतं. माझ्याकडे दोन गोधड्यांचं अस्तर कापून तयार होतं. मी बोलले असते तर गाडी उभी राहिली असती. मला गाडी उभी राहायला नको होती.

तो जानेवारी होता. माणगावहून म्हसळ्याकडे वळलो आणि पुढे श्रीवर्धनच्या अलीकडे रस्ता गावांतून जायला लागला. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, कमरेएवढ्या दगडी भिंती, मध्ये एका गाडीपुरती जागा. मी मागे होते. मशीन चालवत नव्हते, नुसते तुकडे जुळवत होते. खिडकीतून मला एक बाई दिसली. स्कूटरवर, पायाशी मासळीची पाटी. ती आमच्या डावीकडून, गडग्याच्या कडेने चालली होती. बराच वेळ दिसत होती. मला वाटलं, हिला जाऊ देतील. मग गडगा आणि गाडी यांच्यातली जागा कमी व्हायला लागली आणि तिचा हॉर्न वाजला. परत वाजला. यांनी गाडी आणखी डावीकडे घेतली.

"अहो, थांबा."

ब्रेक लागला. खाली काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला.

आम्ही दोघं उतरलो. स्कूटर गडग्याला टेकली होती. बाई उभी होती, एका कोपरावर खरचटलेलं. पाटी उलटी होऊन बोंबील मातीत पसरले होते.

"डोले फुटलेत का तुजे?" ती यांना म्हणाली. "कवापासनं हॉर्न वाजवतंय मी."

"अचानक आलात तुम्ही," हे म्हणाले.

"अचानक?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा, ताई. मी अचानक आले?"

मी खाली बसून बोंबील गोळा करायला लागले. माझी कातरणाची पिशवी आणून त्यातल्या एका पट्टीने तिचं कोपर बांधलं. स्कूटर सुरू होत नव्हती, ती यांनीच प्लग काढून, पुसून सुरू करून दिली. मासळीचे पैसे घेऊन ती गेली. जाताना तिने परत माझ्याकडे पाहिलं. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलेलं नव्हतं.

त्यानंतर मुक्कामाच्या गावापर्यंत मी पुढेच बसले. "डावीकडे सायकल आहे." "गाय आहे." "खांब." पाचव्यांदा बोलले तेव्हा हे म्हणाले, "मला दिसतंय."

"मग वळवायचं ना थोडं."

"तू मागं जाऊन बस. शिवण कर."

मी उठले नाही. 

समुद्राजवळ सुरूच्या बनामागे एका वाडीत आम्ही गाडी लावायचो. वाडीवाला ओळखीचा झाला होता, पाणी आणि वीज द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जमिनीवर चटई टाकून गोधडी पसरली. अस्तर खाली, तुकड्यांचा थर वर, आणि दोन्ही सरकू नयेत म्हणून टाके घालायचे होते. हे समोर बसून कड ताणून धरत होते. दर वेळी ते असेच धरायचे.

"कात्री द्या," मी म्हणाले.

कात्री त्यांच्या डाव्या गुडघ्याला लागून पडली होती. लांब पात्यांची, लाल मुठीची. त्यांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कुठाय?"

"तिथंच आहे."

त्यांनी हाताने चाचपायला सुरुवात केली. बोट कात्रीच्या टोकाला लागलं तेव्हा ते दचकले. मी माझ्या हातातली सुई गोधडीत खोचून ठेवली. मला भीती वाटत होती, पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"अहो, एक करा. समुद्राकडे बघा. आणि उजव्या डोळ्यावर हात ठेवा."

"कशाला?"

"ठेवा ना."

त्यांनी तोंड समुद्राकडे वळवून हात ठेवला. आता मी त्यांच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर होते. झाडांच्या मधून समुद्र दिसत होता, त्याच्याकडे त्यांचं तोंड होतं.

"समुद्र दिसतोय," ते म्हणाले. "एवढासाच. नळीतून बघावा तसा."

"आणि मी?"

"तू नाही दिसत."

त्यांनी हात खाली घेतला. मग परत ठेवला, परत काढला. कारखान्यात एखादा मीटर बरोबर दाखवतोय की नाही ते बघावं, तसं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग हळूहळू बोलायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. ताटातली डावीकडची चटणी राहून जायची. सहा महिन्यांपासून त्यांना जाणवत होतं. वाटलं, चष्म्याचा नंबर असेल.

"नंबरच वाटला ना, मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"आमच्या आबांना शेवटी काहीच दिसायचं नाही," ते म्हणाले. "गावात सगळे म्हणायचे, वयाने झालं. ते साठीचे होते तेव्हा. मी आता चौसष्टचा आहे."

मी माझं सांगितलं. नावड्याच्या माणसाने दाखवलं होतं ते, हातगाडीवाला, टँकर. ऐकताना त्यांचा चेहरा कठीण होत गेला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"शंका होती."

"आणि तू मागं बसून शिवत होतीस."

मी उठले. वाडीवाल्याला मी ड्रायव्हर बघायला सांगितलं. त्याने फोन करून सकाळी आठला एकजण येईल असं सांगितलं. हे ऐकून न ऐकल्यासारखे गाडीत जाऊन पडले.

सकाळी सात वाजता मी वाडीवाल्याच्या नळावर भांडी घासत होते. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, रोजच्यासारखं गरम करत असतील. मग पाहिलं तर मागच्या चाकाखालचे दगड काढलेले होते, पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवलेला होता आणि हे स्टिअरिंगवर बसलेले होते.

मी भांडी तशीच टाकून गेले. सरकतं दार बंद होतं. मी पुढे, डाव्या दिव्यापाशी जाऊन उभी राहिले आणि काचेकडे बघून हात केला.

"बंद करा गाडी. ड्रायव्हर येतोय."

काच वर होती. इंजिनाच्या आवाजात त्यांना माझं बोलणं ऐकू गेलं नाही. ते उजव्या आरशात बघत होते. मग समोर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूने सरळ पुढे. आणि चाक डावीकडे वळलं.

बंपर माझ्या मांडीला लागला. हळूच लागला, पण मिनीबसचं हळू म्हणजेसुद्धा फार असतं. मी मागे गेले, ती आणखी पुढे आली. मागे नारळाच्या आळ्याचा बांध होता, त्याला पाय अडकून मी पडले. पडता पडता दोन्ही तळहात पत्र्यावर जोरात आपटले. वाडीवाला ओरडत धावला. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होतं. मी त्या टायरच्या नक्षीत अडकलेला खडा बघत होते, तेवढं मला नीट आठवतं.

हे उतरून आले.

"तू आत होतीस ना?" ते म्हणाले. "दार बंद होतं. मला वाटलं तू आत आहेस. मी हळू नेणार होतो."

"मी तुमच्या समोर उभी होते. हात करत होते."

ते तिथेच मातीत बसले. वाडीवाल्याच्या बायकोने मला उठवलं, पाणी दिलं. मांडीवर पुढे ताटाएवढा काळानिळा डाग उठला आणि तो महिनाभर राहिला. मुलीला मी सांगितलं, ओट्यावर आपटले.

थोड्या वेळाने यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. कोणी मागितली नव्हती.

आठ वाजून गेले, साडेआठ झाले. ड्रायव्हरचा फोन आला, गावातला एक पेशंट तातडीने माणगावला न्यायचा आहे, संध्याकाळपर्यंत जमणार नाही. वाडीवाला म्हणाला, उद्या बघू. तेव्हा हे पहिल्यांदा बोलले.

"तू चालव."

माझ्याकडे लायसन्स होतं. आमची छोटी गाडी मी वर्षानुवर्षं बेलापूरला नेली होती. पण ही मिनीबस फक्त दोनदा, नावडे कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर, तीही यांनी हट्टाने शिकवली म्हणून. तिथे समोरून कोणी येत नव्हतं. मी नाही म्हणणार होते. पण आणखी एक रात्र त्या वाडीत, त्या किल्लीसकट, काढायची माझी तयारी नव्हती. उशी पाठीला लावली, सीट पुढे ओढली आणि बसले.

म्हसळ्याच्या चढाला आम्ही अडकलो. पुढे विटांचा ट्रक रांगत होता, तो थांबला, मीही थांबले. मागे एसटी. ट्रक हलला. मी क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकली. एसटीने हॉर्न दिला. मी ब्रेक दाबून धरला. ज्या मांडीला लागलं होतं तीच ठणकत होती.

"हँडब्रेक ओढ," हे म्हणाले. आवाज शांत होता. "ओढलास? आता ब्रेकवरचा पाय काढ. नाही जाणार मागं. मी केबल आवळलीय. स्टार्ट कर. पहिला. क्लच हळू सोड. आवाज ऐक, जड होईल."

"नाही कळत मला आवाज."

"मला कळतोय. सोड अजून. अजून. आता हँडब्रेक."

गाडी पुढे गेली. घामाने माझा कुडता पाठीला चिकटला होता. पुढे माणगावपर्यंत ते तेवढंच बोलत राहिले. दुसरा टाक. तिसरा. आता सोड. रस्त्याबद्दल एक शब्द नाही, फक्त इंजिनाबद्दल. डावीकडे काय आहे ते मी बघत होते. पेण गेलं, कर्नाळ्याची वळणं गेली. पळस्प्याला कंटेनरच्या रांगेत शिरले तेव्हा मला रडायला येत होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. सानपाड्याला गेटपाशी मी थांबले. वॉचमनला उभं करून, इंच इंच पुढे घेत आत आले. कुठेही लागलं नाही. यांनी ते पाहिलं आणि मान फिरवली.

वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन तास तपासलं. एका यंत्रात तोंड घालून, दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, अशी एक परीक्षा होती. बाहेरून मला बटणाचा आवाज ऐकू येत होता. मध्ये मध्ये तो फार वेळ थांबायचा. मग कागद आला. डाव्या डोळ्याच्या चित्रात मधला थोडा भाग सोडून सगळं काळं. उजव्यात एका कडेला सुरुवात.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाल्या. "दुखत नाही, म्हणून लोक येत नाहीत. मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते. घरात कोणाला होता?"

"वडिलांना," हे म्हणाले. "आम्हाला माहीत नव्हतं."

"गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायचं. थेंब रोज, न चुकता. आणि गाडी चालवायची नाही."

"किती दिवसांपासून असेल हे?"

"डाव्यात बरीच वर्षं."

जिना उतरताना ते मध्येच थांबले. "बरीच वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे नातीला मी शाळेत सोडायचो, तेव्हापासून."

पुढचे काही महिने वाईट गेले. हे गाडीकडे खाली उतरतच नव्हते. बॅटरी उतरली, डाव्या पुढच्या टायरची हवा गेली. मुलगी म्हणाली, विकून टाका. मी मशीन वर आणली आणि शिवायला बसले, पण "तू मागं बसून शिवत होतीस" हे वाक्य कानात यायचं. तुकडे उलटे जोडले जायचे. उसवायचे आणि परत जोडायचे. एकदा मी त्यांना म्हणाले, "तुम्ही बरोबर बोललात तेव्हा." ते म्हणाले, "मला सहा महिने माहीत होतं. तुला एक." एवढंच. त्या दिवशी जेवताना त्यांनी ताट स्वतःहून थोडं उजवीकडे सरकवून घेतलं.

पावसाळ्यानंतर सोसायटीची नोटीस आली, गाडी एकाच जागी सडतेय म्हणून. मी टायरमध्ये हवा भरून घेतली, दुसऱ्याची बॅटरी लावून ती सुरू केली आणि नावड्याला न्यायला निघाले. यांना विचारलं नाही. पर्स घ्यायला वर जाऊन परत खाली आले तर हे आधीच डाव्या सीटवर बसले होते, मांडीवर वही.

डोळ्यांतला दाब गेल्या दोन तपासण्यांत वाढलेला नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय. मध्ये एकदाच आम्ही दोन दिवसांसाठी नागावला जाऊन आलो. ती सहल काही चांगली झाली नाही. वडखळच्या सरळ रस्त्यावर हे मला सारखे म्हणत होते, "क्लचवरचा पाय काढ, प्लेट जळेल." मी म्हणत होते, काढलाय. ते म्हणाले, वास येतोय. मी गाडी कडेला घेतली, उतरून चक्क दहा मिनिटं भांडलो. मग त्यांनी खाली वाकून हुंगून पाहिलं. वास खरंच येत होता.